नजर समोर

तिसऱ्या अडथळ्याशी मैना पुन्हा डावीकडे निसटली. उडी घ्यायच्या ऐन क्षणी तिने अंग चोरलं, लाल-पांढऱ्या दांड्यांना वळसा घातला आणि चिंचेच्या रोखाने निघाली. उल्का तिच्या मानेवर अर्धी लोंबकळली, एक रिकीब सुटली, टोपी कपाळावर घसरली. पडली नाही, एवढंच.

"बास आता," कुंपणाच्या फळीवर कोपरं टेकून उभा असलेला सर्जेराव म्हणाला. "घाम निघालाय तिला."

"तिला की मला?"

"दोघींना."

"अजून एकदा," रिकिबीत पाय सरकवत उल्का म्हणाली.

सर्जेरावने फळीवरची कोपरं काढली नाहीत. नवरा म्हणून काही बोललं तर ती ऐकणार नाही आणि तबेल्याचा मालक म्हणून बोललं तर भांडण होईल, हे दोन्ही त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

चिंचेखाली त्याच्या आईने, तुळजाबाईंनी, झोळीची दोरी हलवली. आत दहा महिन्यांचा संभू कुरकुरत होता. उल्काने मैनेला रिंगणाचा मोठा फेरा दिला. पहिला अडथळा गेला. दुसरा तर असा गेला, की टापा जमिनीला टेकल्याचं कळलंसुद्धा नाही. तिसऱ्याकडे वळताना तिने मांड पक्की केली, हात सैल सोडले. झोळीतून एक रडका सूर निघाला आणि मैना डावीकडे निसटली.

बजरंग सईस पुढे आला आणि त्याने लगाम धरला. उल्का उतरली. शर्टाच्या पुढच्या भागावर दोन ओले गोल उमटले होते. तिने जाकिटाची चेन वर ओढली आणि चिंचेकडे गेली.

"आणा इकडे, आत्याबाई."

"आधी घोटभर पानी पी. पळून पळून दूध तापलं आसंल," तुळजाबाई म्हणाल्या आणि संभूला तिच्या मांडीवर दिला.

कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी, भोवती बारा-बारा मजल्यांच्या इमारती उठल्या तरी सर्जेरावच्या घरच्यांनी एवढा एक तुकडा विकला नव्हता. भाऊबंद म्हणत, सोन्यासारख्या जमिनीवर घोडी बांधलीत. त्यावर तुळजाबाईंचं उत्तर ठरलेलं असे: "आमचं सोनं, आमची घोडी. तुमच्या का पोटात दुखतंय?" तबेला नवराबायकोचा. उड्यांचं रिंगण सर्जेराव बघायचा. पलीकडे वाळूचं लांबट मैदान होतं, कडेने इंग्रजी अक्षरांच्या पांढऱ्या पाट्या लावलेलं. ते ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तीतल्या चालींचं, आणि ते उल्काचं. तिथे घोडा नुसता सरळ चालला तरी त्यात तिला चार चुका दिसत. सकाळी शिकायला येणाऱ्या मुलांवर ती ओरडायची ते शेजारच्या सोसायटीपर्यंत ऐकू जायचं. "खाली काय बघतोस? पैसे पडलेत का? नजर समोर!" तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ म्हणे गॅलरीत चहा पितानासुद्धा दचकून नजर समोर ठेवत.

मैना रेसकोर्सवरून आलेली. तिथे तिने कधी कुणाचं भलं केलं नव्हतं. उडी मारायला तिला उल्काने शिकवलं, जमिनीवर ठेवलेल्या एका दांड्यापासून. मग संभू पोटात आला, आणि मैनेला फिरवायचं काम पद्मजाकडे गेलं. पद्मजा त्यांची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी, कॉलेजात जाणारी, अंगाने शेलाटी, हाताने हलकी. मैना तिच्याशी शहाण्यासारखी वागे.

रविवारी शहरातल्या मैदानावर स्पर्धा होती. तिथे जी जोडी अडथळे न पाडता फेरी पुरी करील, ती राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होती. एका घोड्यावर एकच स्वार. मैना जाणार हे नक्की होतं. ती कुणाला पाठीवर घेऊन जाणार, हे आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

महिनाभर उल्का मैनेवर परत बसत होती आणि महिनाभर मैना डावीकडे निसटत होती. दात तपासून झाले. पाठ दाबून झाली, नाल बदलले, खोगिराखालची घडी बदलली. तिसऱ्या अडथळ्याचा रंग घोड्याला बुजवतो असं बजरंगचं मत होतं, म्हणून दांडे रंगवूनही झाले. पद्मजा बसली की मात्र त्याच दांड्यांवरून मैना पाखरासारखी जाई.

आजही गेली. संभूला पाजून होईपर्यंत सर्जेरावने पद्मजाला एक फेरी करायला सांगितली. सगळे अडथळे स्वच्छ. उतरल्यावर पद्मजाने मैनेची मान थोपटली आणि उल्काकडे न बघता ती खोगीर सोडायला लागली. वास्तविक ते काम बजरंगचं.

सर्जेराव चिंचेखाली येऊन उकिडवा बसला. "उल्का, राग मानू नकोस."

"म्हणजे राग येण्यासारखंच बोलणार आहात."

आई समोर होती म्हणून 'अहो-जाहो'. एकटं असताना ती त्याला सर्जा म्हणे.

"या खेपेला पद्मजाचं नाव देऊ. तू अजून पुरती भरून आलेली नाहीस. डॉक्टर काय म्हणाल्या होत्या, टाके आतून..."

"डॉक्टर हो म्हणाल्या. फाइल घरात आहे."

"मग पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी मैना पद्मजाची झालेली असेल," उल्का म्हणाली. आवाज तिने अगदी खाली ठेवला होता, कारण मांडीवर संभूचा डोळा लागत होता. "घोडी आपली राहील. जोडी नाही राहणार. तुम्हाला कळतं हे. म्हणून तर तुम्ही उकिडवे बसलाय, नीट बसला नाहीत."

सर्जेरावने जमिनीवरची एक चिंच उचलली, फोडली आणि खाल्ली नाही.

नारायण पेठेतल्या तिच्या आईचं मत वेगळ्या शब्दांत येऊन पोचलंच होतं. सकाळी फोनवर ती म्हणाली होती, "झाशीची राणी एकच झाली गं, तीसुद्धा नाइलाजाने. आणि तिने निदान मूल पाठीला बांधलं होतं."

हे आठवून उल्काला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. तिने संभूच्या टाळूवर ओठ टेकले. त्याच्या डोक्याला तबेल्याचा वास यायचा, वाळल्या गवताचा. लेकरू झोपलं होतं. तिला झोपायला नको होतं. तिला मैनेवर बसायचं होतं. हे असं सरळ मनात आलं की तिला वाटायचं आपण वाईट आई आहोत, आणि तरी ते दर वेळी सरळच यायचं.

"ताई." पद्मजा समोर उभी होती, हातात मोबाइल. "तुम्ही मला व्हिडिओ काढायला सांगितले होते ना, मैनाचे पाय बघायला?"

"बघितले की. पाय बरोबर पडतायत."

"पाय नका बघू." पद्मजा थांबली. "मी परवाच बघितलं होतं. सांगणार होते. पण मग वाटलं..." तिने मोबाइल पुढे केला. "सॉरी ताई. बघा तुम्हीच."

उल्काने एका हाताने मोबाइल घेतला. त्यात मैना दुसऱ्या अडथळ्यावरून उतरत होती. वळली. तिसऱ्याकडे येत होती. आणि तिच्या पाठीवरची बाई, टोपी घातलेली, पाठ ताठ ठेवलेली, दहा वर्षं लोकांच्या मुलांवर ओरडलेली बाई, उडीच्या क्षणी मान डावीकडे वळवत होती. अगदी थोडी. पण मानेमागोमाग खांदा, खांद्यामागोमाग कंबर, आणि घोडीने काय करायचं? सांगितलं तिकडे गेली. चिंचेकडे.

दुसरा व्हिडिओ. तिसरा. सगळीकडे तेच.

"अगं माझे आई," उल्का पुटपुटली.

सर्जेराव तिच्या खांद्यावरून बघत होता. त्याच्याही लक्षात आलं, पण पहिल्यांदा हसायची त्याची छाती झाली नाही. उल्काच हसली.

"मी घोडीचे दांडे रंगवले, सर्जा!" आत्याबाई समोर आहेत हे ती साफ विसरली.

तुळजाबाईंना व्हिडिओ दाखवावा लागला नाही. त्या उठून झोळीची गाठ सोडायला लागल्या होत्या. "मंग सोप्पं हाय की. म्या घेऊन जाती लेकराला घरी. दिसायला नको आन् बघायला नको."

"किंवा झोळी अडथळ्याच्या पलीकडे टांगू, सरळ रेषेत," सर्जेराव म्हणाला. "बघू दे किती बघायचं ते."

"आणि रविवारी?" उल्का म्हणाली. "नऊ अडथळे आहेत आणि मूल एक. राहू द्या झोळी तिथेच, आत्याबाई."

"आन् रडला म्हंजी?"

"रडला तर तुम्ही आहात ना."

तुळजाबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. "म्या हाय गं. म्या कुठं जाती? पर तू ऱ्हाशील का, न बघता?"

झोपलेल्या संभूला उल्काने सासूच्या हातात दिलं आणि टोपीचा पट्टा हनुवटीखाली अडकवला.

"शिकते," ती म्हणाली. मग सर्जेरावकडे वळून, "नाव माझं कळवा. आणि बोटं दाखवायला उभे राहा."

बोटं दाखवणं हा त्यांच्याकडचा नवशिक्या पोरांचा धडा. अडथळ्याच्या पलीकडे मास्तर उभा राहतो आणि हात वर करून बोटं दाखवतो. घोडा हवेत असताना स्वाराने किती बोटं ते ओरडून सांगायचं. खाली बघणाऱ्याला आकडा सांगता येत नाही. राष्ट्रीय स्पर्धेची दोन पदकं घरात असलेली उल्का त्या दुपारी आठ वर्षांच्या पोरासारखी आकडे ओरडत होती.

"तीन!"

"चार होती!"

"चार... दोन!"

"एकसुद्धा नव्हतं, मी डोकं खाजवत होतो!"

बजरंग तोंडावर फडकं धरून हसत होता. मैना दोनदा निसटली. पुढच्या खेपेला गेली, पण मागच्या पायाने दांडा पाडून. उल्का थांबली नाही.

खरी परीक्षा संभू जागा झाल्यावर सुरू झाली. तो रडायला लागला की तिच्या छातीत कळ उठायची. बाकीच्या अंगाला तिने एकदा शिकवलं होतं, पण या अंगाला कुणी आणि कसा लगाम घालायचा? मान वळत नसे तेव्हा डोळे वळत. डोळे आवरले तर मनाचा एक कोपरा चिंचेखाली जाऊन बसे, आणि घोड्याला तेवढंही कळतं. शुक्रवारी ती एकदा पडली. वाळूत उताणी पडून आभाळाकडे बघताना तिला ऐकू आलं, की रडणं थांबलंय आणि तुळजाबाई कसलीशी ओवी गुणगुणतायत. आपण बघितलं नाही तरी ते थांबतं. ही गोष्ट तिला सुखाची वाटली आणि बोचलीही. कपडे झटकून ती परत चढली.

शनिवारी संध्याकाळी संभू तिसऱ्या अडथळ्याच्या वेळीच भोकाड पसरून रडला. उल्काने हवेतून सांगितलं, "पाच!" सर्जेरावचा पंजा उघडा होता. मैना उतरली, पुढे गेली, चौथ्याकडे वळली, जणू महिनाभर काही झालंच नव्हतं.

रविवारी मैदानावर धूळ उडू नये म्हणून सकाळीच टँकरने पाणी मारलं होतं. कडेच्या खुर्च्यांवर इतर तबेल्यांची माणसं, मुलांचे आईबाप, थर्मास, छत्र्या. डाव्या बाजूला तंबूच्या सावलीत तुळजाबाईंनी गोधडी अंथरली आणि संभूला बसवलं. सर्जेराव आणि पद्मजा त्यांच्या शेजारी. उल्का पायी फिरून अडथळे बघून आली होती. प्रत्येकाच्या पलीकडे तिने नजर ठेवायला एकेक जागा मुक्रर केली होती. पहिल्याला झेंड्याची काठी, चौथ्याला चहावाल्याची छत्री, सातव्याला पाण्याच्या टाकीची शिडी.

घंटा झाली. मैनेने कान टवकारले.

झेंड्याची काठी. टप टप टप, आणि हवा. दुसरा. तिसराही गेला. चहाची छत्री. पाचव्या-सहाव्याची जोडी, मध्ये दोनच ढांगा. मग डावीकडे लांब वळण, तंबूच्या अंगाने, आणि समोर सातवा.

"अगं बया!"

तुळजाबाईंचा आवाज होता. त्यापाठोपाठ पद्मजाची किंकाळीसारखी हाक, आणि सर्जेरावचं काहीतरी, अर्धवट.

पडला? लागलं? उल्काच्या मानेची शीर अन् शीर डावीकडे ओढली गेली. तिच्या मांडीखाली मैनेने विचारलं, अगदी स्पष्ट विचारलं: तिकडे?

शिडी. उल्काने शिडी पाहिली. शिडीच्या पायऱ्या पाहिल्या, वरून दुसरी गंजलेली. तो रडत नाहीये, आणि आत्याबाई आहेत. मैना उचलली गेली.

आठवा. नववा. एकही दांडा पडला नाही.

ध्वनिक्षेपकावर तिचं नाव, मैनेचं नाव आणि पुढे 'शून्य दोष' असं काहीतरी चाललं होतं, ते न ऐकताच ती तंबूकडे आली आणि घोडी थांबायच्या आत खाली उतरली. संभू सर्जेरावच्या कडेवर होता, धडधाकट, तोंडात स्वतःची मूठ.

"काय झालं होतं? आत्याबाई, तुम्ही ओरडलात."

"कुठं काय?" तुळजाबाईंनी पदराने डोळे पुसले. "माशी बसली व्हती त्याच्या नाकावर. तू गेलीस बघ, सगळ्यावरनं गेलीस!"

"मग रडताय का?"

"धूळ गेली."

पाणी मारलेल्या मैदानावर धूळ नव्हती. पण सर्जेरावने तिच्या पाठीवर थाप मारली, बजरंगने मैनेच्या गळ्यात पडून आधी घोडीचं अभिनंदन केलं, पद्मजा तिला बिलगली आणि रडली, आणि त्या सगळ्या गोंधळात तो विषय राहून गेला.

सोमवार घोड्यांच्या सुटीचा. दुपारचा कोंडा भिजत पडला होता. उल्का कठड्यावर बसून मैनेच्या पायांना मालिश करायचं तेल गरम होण्याची वाट बघत होती. आईचा फोन येऊन गेला होता. "पेपरात शोधलं, कुठे आलं नाही. म्हणजे पडली नसशील," एवढं बोलून तिने ठेवला होता, आणि उल्काला माहीत होतं, की आता ती पेठेतल्या चार घरी सांगत सुटली असेल.

संभू अंगणात रांगत होता. पालथ्या घातलेल्या बादलीपाशी तो थांबला. तिच्यावर हात ठेवले. पार्श्वभाग उचलला, गुडघे सरळ केले, आणि डुलत डुलत उभा राहिला.

"अगं बया!" तुळजाबाई ओरडल्या. "उभं ऱ्हायलं गं लेकरू! पयल्यांदा! उल्का, बघ की!"

बजरंग पागेतून बाहेर आला. सर्जेराव खोगिरांच्या खोलीतून धावत आला. पद्मजा हातातला ब्रश टाकून आली. "अरे वा, अरे वा," सगळे एकदमच म्हणाले.

उल्काने संभूकडे पाहिलं. त्याच्या पायांकडे पाहिलं. पावलं फाकवून तो उभा होता, डुलत होता, पण बिचकलेला नव्हता. पहिल्यांदा उभं राहणारं शिंगरू कसं बिचकतं, ते या अंगणात तिने पाहिलेलं होतं.

मग तिने मान वर केली. संभूकडे कुणी बघतच नव्हतं. तुळजाबाई, सर्जेराव, पद्मजा, अगदी बजरंगसुद्धा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. घोड्याच्या शिंकेचासुद्धा व्हिडिओ काढणाऱ्या पद्मजाचा मोबाइल खिशातच होता.

'अगं बया.' शब्द तेच, आवाज तोच. कालचा थोडा जास्त खरा होता.

तुळजाबाईंनी घाईघाईने पदर सावरला. सर्जेराव बादलीकडे बघायला लागला. तेलाचा वास यायला लागला होता. ते उतरवायला हवं होतं.

उल्का कठड्यावरून उतरली. बादलीपासून चार हातांवर ती गुडघे टेकून बसली आणि तिने नजर समोर ठेवली.

"पहिल्यांदा!" ती म्हणाली. "बघा तरी! पद्मजा, व्हिडिओ काढ की गं, बघत काय बसलीस?"

"हो, हो ताई!" पद्मजा खिसा चाचपायला लागली.

संभूने आईला पाहिलं. एक हात बादलीवरून सुटला, हवेत गेला आणि तिच्या दिशेने उघडला, सगळी बोटं फाकवून.

"पाच!" उल्का रिंगणात ओरडायची तशी, शेजारच्या सोसायटीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली.